उपटण्याआधी नोंद करा
नदीतली जलपर्णी, काठावरचे बेशरमाचे झुडूप अशा उपद्रवी वनस्पती काढण्याचे काम नव्याने सुरू करणाऱ्याचा हात आधी उपटण्याकडे जातो. माझा सल्ला असा की पहिल्या फेरीत केवळ नोंद करावी. पान, फूल आणि देठ यांची जवळून घेतलेली छायाचित्रे, काठाचे एक दूरचे छायाचित्र, अक्षांश-रेखांश, तारीख आणि पसाऱ्याचा अंदाजे आकार एवढे दिले, तर कळवलेल्या माहितीवर पुढे काही करता येते. ‘जलपर्णी नदीभर पसरली आहे’ असे मीही पूर्वी लिहीत असे आणि त्यावरून कोणालाच जागा सापडत नसे.

जलपर्णीचा फुगीर देठ कापून पाहिल्यास आत हवेने भरलेला स्पंजासारखा भाग दिसतो; त्याच्याच बळावर ती तरंगत खाली जाते. म्हणून काम प्रवाहाच्या वरच्या टोकापासून सुरू करावे, अन्यथा साफ केलेला पट्टा वरून येणाऱ्या रोपांनी पुन्हा भरतो. अनुकूल हवामानात ती सुमारे २ आठवड्यांत दुप्पट होऊ शकते आणि तिचे बी गाळात १५ वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते, त्यामुळे एका मोहिमेने भागत नाही. बेशरमाच्या फांद्या तोडून काठावर मुळीच टाकू नयेत, कारण ओल्या मातीला टेकलेल्या तुकड्यालाही मुळे फुटतात. निघताना बूट आणि अवजारे तिथेच झटकून घ्यावीत.