दोन तारखा, एकाच कागदावर

प्रिय मुली,

काल रात्री तू फोनवर म्हणालीस, "काकू, तसंही औषध बदलायचंच आहे. आत्ता स्ट्रिप संपलीय तर संपू दे. नवीन सुरू होईपर्यंत शरीराला जरा सुट्टी." मी गप्प बसले. बोलले असते तर आवाज चढला असता, आणि तुझा गळा आधीच दाटून आला होता. पण रात्रभर झोप नाही. तुला-मला आजार एकच, मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस): आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते. तू घेतेस ती फिंगोलिमोडची कॅप्सूल तेव्हा मीही घेत होते. जवळजवळ याच शब्दांत मी २०१८ साली माझ्या नवऱ्याला हेच सांगितलं होतं.

आधी काम. पुढचं वाचायच्या आत न्यूरोलॉजिस्टकडे फोन लाव आणि सांग, "फिंगोलिमोड सहा दिवस चुकलंय, काय करू?" खंड चौदा दिवसांच्या वर गेला की ती कॅप्सूल घरच्या घरी परत सुरू करता येत नाही. दोन वर्षांपूर्वी पहिल्या डोसला तुला सहा तास बसवून ठेवलं होतं, दर तासाला नाडी आणि बीपी बघत होते, आठवतं ना? हे औषध सुरुवातीला हृदयाचे ठोके मंद करतं, म्हणून ते सगळं पुन्हा करावं लागतं. अजून तू त्या रेषेच्या अलीकडे आहेस. डॉक्टर ओपीडीत आहेत असं उत्तर मिळालं तर निरोप ठेव, तासाभराने परत कर. लाजू नकोस.

आता ती सुट्टी. फिंगोलिमोड आपल्या लिम्फोसाइट पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) मारत नाही, लसिकाग्रंथींमध्ये अडवून ठेवतं. कॅप्सूल थांबली की महिना-दोन महिन्यांत त्या पुन्हा रक्तात उतरतात. काही जणांचा आजार तेव्हा असा उसळतो की औषध सुरू करण्याआधीही तो तेवढा जोरात नव्हता. सगळ्यांचं असं होत नाही. माझं झालं.

लिव्हरचे आकडे वाढले होते. डॉक्टर म्हणाले, "हे बंद करू, दुसरं सुरू करू." बंद त्याच दिवशी झालं. दुसरं सुरू व्हायला साडेतीन महिने लागले. एक रिपोर्ट हरवला, मग दिवाळी आली, मग विमावाल्यांनी पत्र मागितलं, मग ते पत्र देणारे डॉक्टर रजेवर गेले. मला बरं वाटत होतं, म्हणून मीही मागे लागले नाही. नवव्या आठवड्यात सकाळी चहा करताना डावा पाय ओट्यापाशी दुमडला. एमआरआयमध्ये ताजे डाग. पाच दिवस रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचं सलाईन. पाय परत आला, पण पुरता नाही. साताऱ्याच्या आमच्या घराला चौदा पायऱ्या आहेत आणि त्या मी आजही कठड्याला धरून चढते. त्या दिवसाची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. औषधाच्या नावापुढे 'स्टॉप' लिहिलंय. खाली काहीच नाही.

म्हणून सांगते, दोन तारखा लिहून घे. जुन्याचा शेवटचा डोस कधी आणि नव्याचा पहिला कधी. एकाच कागदावर, डॉक्टरांच्या अक्षरात. "बघू", "रिपोर्ट आले की ठरवू", "पुढच्या महिन्यात कधीतरी" या तारखा नाहीत.

कदाचित डॉक्टर मुद्दाम मध्ये काही आठवडे सोडतील, पेशींचे आकडे थोडे वर यावेत म्हणून. ते चालेल. ठरवून ठेवलेलं अंतर वेगळं आणि आपोआप पडलेलं भगदाड वेगळं. ठरवलेल्या अंतराला शेवट असतो, आणि तो कागदावर असतो.

तुला नवीन औषध म्हणून रिटुक्सिमॅब सुचवलंय, सलाईनमधून देतात ते. त्याआधीच्या तपासण्या जुनं औषध चालू असतानाच उरकून घे: हिपॅटायटिस बी (त्यातल्या दोन्ही, अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी), टीबी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातल्या अँटिबॉडींचं प्रमाण). लसी कोणत्या आणि कधी हेही आधीच विचार, कारण या औषधावर असताना लस नीट लागत नाही. आणि एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. एमएससाठी या औषधाला रीतसर मंजुरी नाही. आपल्याकडे ते सर्रास वापरतात आणि चांगलं चालतं, पण विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते. डॉक्टरांचं पत्र आधी मिळव, ॲडमिट व्हायच्या दिवशी नाही.

लग्नाचं तू डॉक्टरांना सांगितलेलं नाहीस, कारण आई शेजारी बसली होती. सांग. मूल हवं असेल तर फिंगोलिमोड आधी किमान दोन महिने बंद असावं लागतं. म्हणजे तीही एक तारीखच झाली. आईला बाहेर थांबायला सांगता येतं, सव्वीस वर्षांची आहेस.

मेडिकलचं काय झालं ते कळलं. पुण्याहून माल यायला चार दिवस, मग शनिवार-रविवार. तुझ्यावर चिडले नाही असं म्हणणार नाही. पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, दहा गोळ्या उरल्या की पुढची ऑर्डर द्यायची. दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप दिली तर घाबरून परत करू नकोस. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि ०.५ मिलिग्रॅम असं लिहून घेतलेलं असलं की तुलाच जुळवून बघता येतं. शंका आली तर स्ट्रिपचा फोटो डॉक्टरांना पाठव.

माझी मुलगी म्हणते, मी डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाही, तुम्हा नव्या पोरींनाही संशयी करते. मला ते लागतं. विश्वास नसता तर मणक्यातून पाणी काढायला मी पाठ पुढे केली नसती. पण ओपीडीत त्यांच्यापुढे साठ जण असतात आणि माझा पाय माझ्या एकटीचा आहे. मी तारीख विचारते तेव्हा त्यांनाही क्षणभर थांबून विचार करावा लागतो, आणि मला तो क्षण हवा असतो. एकदा मला "तुम्हीच डॉक्टर व्हा मग" असं ऐकावं लागलं. तरी मी खुर्चीतून उठले नाही. तारीख घेऊनच उठले.

बदलूच नको असं मी म्हणत नाहीये, हे नीट समजून घे. फिंगोलिमोडच्या आधी सहा वर्षं मी इंटरफेरॉनचं आठवड्याचं इंजेक्शन घेत राहिले. दर रविवारी ताप, अंग ठणकायचं, आणि तरी एमआरआयमध्ये दोन नवे डाग. डॉक्टर औषध बदला म्हणत होते, मीच घाबरत होते. ती सहा वर्षंही गेलीच. तुझा निर्णय बरोबर आहे. घाईही नाही आणि उशीरही नाही. फक्त मधले दिवस मोकळे सोडू नकोस.

पुण्याला सोबत लागली तर मी येते. सकाळच्या एसटीने, उन्हाच्या आत पोचू. उन्हात माझे डोळे अंधुक होतात, तुझेही होत असतील. गाडीत तुझी फाइल तारखेप्रमाणे लावू. आणि आपल्या दोघींपेक्षा वेगळा अनुभव ऐकायचा असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटीचं पुण्यात केंद्र आहे. मुंबईत १९८५ला सुरू झालेली संस्था. तिथे बोलून बघ. मला राग येणार नाही.

फोन लावलास का? लावला असलास तर त्यांनी काय सांगितलं ते मेसेज कर. पहिली तारीख आजच मिळेल, दुसरीसाठी अपॉइंटमेंट घे.

तुझी,
काकू