ब्रिटनमध्ये २०२३ साली प्राध्यापकांनी पेपर तपासायला नकार दिला, तो संपच होता का?
नाही. संपात काम पूर्ण बंद असतं. इथे शिकवणं चालू होतं, फक्त पेपर तपासून गुण देणं थांबवलं होतं. युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियनने २० एप्रिल २०२३ पासून १४५ विद्यापीठांत हा बहिष्कार पुकारला, सप्टेंबरमध्ये मागे घेतला. पगारवाढ हवी होतीच, पण कामाचा ताण आणि वर्षानुवर्षं तात्पुरत्या करारावर राबणं, हे दुखणं माझ्या मते जास्त खोल होतं. कित्येक विद्यार्थ्यांचे निकाल अडकले, त्यांचा मनस्ताप खराच. पण बाकी सगळं काम करणाऱ्यांचाही पगार अनेक विद्यापीठांनी निम्मा, काहींनी तर पूर्ण कापला, हे मला फार अन्यायाचं वाटतं. ‘अर्धवट काम स्वीकारणार नाही’ असं आधी कळवलं असेल, तर तिथला कायदा अशा कपातीला मुभा देतो.