सातवीच्या वर्गात मागच्या बाकावरची पोरं अजिबात ऐकत नाहीत, काय करावं? (झेडपी शाळा, बीड जिल्हा)

छडी आधी विसरा, सर. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे.

मग हजेरीपट बघा. आपल्याकडं दंगा करणारं पोरगं बऱ्याचदा आईबापासोबत ऊसतोडीला जाऊन आलेलं असतं. दिवाळीच्या सुमारास गेलं की काही महिने शाळा बुडाली. अपूर्णांक कळत नाहीत, म्हणून बाक वाजवतं. त्याला मधल्या सुट्टीत दहा मिनिटं मागचं शिकवा, सगळ्यांसमोर नको. रागवायचं तेही बाजूला घेऊन. वर्गात ओरडलात की बाकीच्यांना फुकटात तमाशा! फळ्यापाशी उभं न राहता बाकांमधून फिरत शिकवा, निम्मा गोंधळ तिथंच बसतो. आणि घरी पहिला फोन तक्रारीचा नको, पोरानं काही चांगलं केलं की करा.