'नॅचरल बॉर्न किलर्स' हा सिनेमा मीडियावर टीका करतो की खुन्यांनाच हिरो बनवतो? बघावा का?

माझं मत आधी सांगतो, टीका खरी आहे आणि मनापासून केलेली आहे, पण एका ठिकाणी सिनेमा कमी पडतो आणि ते मला अजून खटकतं.

मी हा पहिल्यांदा हॉस्टेलवर बघितला, कुणीतरी सीडी आणली होती, आणि अर्ध्या तासात उठून बाहेर गेलो. ज्या सीनला उठलो तोच आज मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सिनेमाची नायिका मॅलरी हिचं घर दाखवलंय, पण एखाद्या जुन्या अमेरिकन कॉमेडी सिरीयलसारखं, सोफा, जिना, भडक लाइट, आणि बाप मुलीच्या अंगाला हात लावतो, घाणेरडं बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला मागून रेकॉर्ड केलेला हशा येतो. बाप झालाय रॉडनी डेंजरफिल्ड, म्हणजे अमेरिकेत लोकांना पोट धरून हसवणारा माणूस. मॅलरी घाबरलेली दिसतेय आणि लोक हसतायत. पोटात ढवळतं अक्षरशः. टीव्ही माणसाचं दुःख कसं विकतो हे इतक्या थेट मी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही.

गोष्ट थोडक्यात अशी की मिकी आणि मॅलरी (वुडी हॅरेलसन, ज्युलिएट लुईस) दिसेल त्याला मारत सुटतात, पण दरवेळी एकाला जिवंत ठेवतात, का तर त्याने जगाला सांगावं की हे आम्ही केलं. आणि ते सांगायला वेन गेल नावाचा टीव्हीवाला टपलेलाच असतो (रॉबर्ट डाउनी ज्युनिअर, काय काम केलंय!), तो जेलमधून मिकीची लाइव्ह मुलाखत सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलची फायनल) मॅचनंतर दाखवतो आणि जेलमध्ये दंगल पेटते. शेवटी तोच त्यांच्या तावडीत सापडतो आणि म्हणतो, तुम्ही तर एकाला सोडता ना? त्यावर उत्तर मिळतं की सोडतोय की, तुझा कॅमेरा. आणि कॅमेरा चालू असतानाच त्याला गोळ्या घालतात.

सिनेमा आला ऑगस्ट 1994 मध्ये, म्हणजे खुनाचा आरोप झालेला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याच्या गाडीचा पोलिसांनी केलेला पाठलाग अमेरिकेने टीव्हीवर लाइव्ह बघितला त्यानंतर दोनच महिन्यांनी, आणि दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोनने शेवटी सिम्पसन, आईबापांना मारणारे मेनेंडेझ भाऊ, टेक्सासमधल्या वेको इथे एका पंथाला पडलेला वेढा यांच्या खऱ्या क्लिप्स जोडल्यात. मूळ कथा 'पल्प फिक्शन'वाल्या टॅरँटिनोची, पण स्टोनने ती इतकी बदलली की टॅरँटिनो कायम नाराज राहिला. व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला ज्युरीचं स्पेशल प्राइझ मिळालं, आयर्लंडमध्ये मात्र बंदी आली.

आता खटकतं ते. 1995 मध्ये एका तरुण जोडप्याने हा सिनेमा बघून लुइझियानात दुकानातल्या एका बाईला गोळी घातली, ती बिचारी कायमची अपंग झाली. स्टोन आणि स्टुडिओवर केस झाली, लेखक जॉन ग्रिशमनेही सिनेमावर उघड टीका केली, कारण त्याच जोडप्यावर त्याच्या एका मित्राच्या खुनाचा आरोप होता. 2001 मध्ये केस काढून टाकली गेली. माझ्या मते कोर्टाचं बरोबर होतं, असा सिनेमा लाखो लोक बघतात आणि घरी जाऊन जेवतात. पण मेलेल्यांचं काय? मिकी-मॅलरीला बालपण आहे, प्रेम आहे, पुलावर केलेलं लग्न आहे, मारले गेलेल्यांपैकी बहुतेकांना नावसुद्धा नाही. वेन गेलच्या कार्यक्रमातही हेच होतं, त्याच्यावर बोट ठेवणाऱ्या सिनेमाने दोन मिनिटं तरी एखाद्या मेलेल्या माणसाच्या घरी थांबायला हवं होतं असं मला फार वाटतं.

बघा जरूर, पण घरात मुलं जागी असताना नको, आणि मध्येच नको वाटलं तर बंद करून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे लावा, मी तसाच पुरा केला.