उद्यान, अभयारण्य आणि राखलेलं रान

प्रश्न असा आहे: ठाण्याच्या खाडीला ‘फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणतात. नुसतं पाणी आणि चिखल, तिथे अरण्य कुठून आलं? आणि बोरिवलीला एवढं मोठं जंगल असून ते मात्र ‘संजय गांधी राष्ट्रीय उद्यान’?

दुसरा भाग आधी घेतो, तो मलाही छळतो. ‘उद्यान’ म्हणजे संस्कृतात मुळात बाहेर पडणं, फिरायला जाणं. त्यावरून फिरायची जागा, बाग. राणीच्या बागेचं पाटीवरचं नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’, ते चपखल आहे. पण ‘नॅशनल पार्क’चं मराठी करताना पार्क म्हणजे उद्यान असा सरळ हिशेब झाला आणि बिबट्यांच्या रानाला बागेचं नाव चिकटलं. माझ्या भाच्याने लोकलमध्ये, बोरिवली यायच्या आतच विचारलं होतं, “मामा, त्या उद्यानात झोपाळे किती आहेत?” त्याचं काय चुकलं?

गंमत म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उद्यानाचेच नियम जास्त कडक आहेत. अभयारण्यात लोकांचे काही जुने हक्क चालू ठेवता येतात, गुरं चारायलाही वाव असतो; राष्ट्रीय उद्यानात चराई साफ बंद. नावावरून वाटतं त्याच्या नेमकं उलट.

आता खाडी. अरण्य म्हणजे झाडी, असं आपण धरून चालतो. पण ‘अरण्य’चं नातं ‘अरण’शी, म्हणजे दूरच्या, परक्याशी. गाव आणि नांगर जिथे संपतो, त्यापलीकडचं ते अरण्य. वैदिक वाङ्मयात ‘ग्राम्य’ पशू आणि ‘आरण्य’ पशू अशी जोडी येते. झाडं किती, हा तिथे मुद्दाच नाही. त्या हिशेबाने भरती-ओहोटीचा चिखलही अरण्यच (आणि काठाला तिवरं आहेतच की). हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी ऐरोलीकडे जाऊन बघा: मान खाली, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत चाललेले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. २०१५ मध्ये अभय मिळालं ते त्यांच्या या सुमारे १७ चौरस किलोमीटरच्या ताटाला.

या सगळ्यांना मिळून सरकारी शब्द ‘संरक्षित क्षेत्र’. बरोबर आहे, पण ऐकताना बंदूकधारी पहारा डोळ्यांसमोर येतो. मराठीत रान ‘राखतात’. देवराई राखली जाते, डोंगरावर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी होते. बोरिवलीच्याच रानातला विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही तलावांना पाणी पुरवणारे डोंगर राखले गेले, म्हणून तिथलं पाणी आजही मुंबईच्या नळांना येतं. बोलताना मी ‘राखलेलं रान’च म्हणतो.

बातमीत किंवा अर्जात मात्र त्याचं ‘राखीव वन’ करू नका. ती १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातली वेगळीच वर्गवारी आहे. बोरिवलीच्या उद्यानाला लागून असलेल्या आरेच्या काही भागाला मिळालेला दर्जा तो. उद्यानाचा नव्हे, अभयारण्याचाही नव्हे.