मुसलमान बांधवांत सेवा आरंभू इच्छिणाऱ्या तरुणास

चिरंजीवास,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेला सेवेचा आराखडा मिळाला. पहिल्या वर्षी पत्रके, दुसऱ्या वर्षी जाहीर सभा आणि तिसऱ्या वर्षी प्रार्थनाघर, अशी त्याची मांडणी आहे. भाषा शिकण्यासाठी मात्र त्यात सहा आठवडे ठेवले आहेत, आणि ज्या वस्तीत हे सारे करायचे त्या वस्तीतल्या एकाही माणसाशी आधी बोलणे झाल्याचा उल्लेख नाही. देवाने तुला या सेवेसाठी बोलावले आहे या तुझ्या पाचारणाविषयी मला शंका नाही, पण या क्रमाविषयी आहे. उत्तर हिंदुस्थानात ही सेवा कशी सुरू झाली, ते तुला सविस्तर सांगतो म्हणजे माझा आक्षेप कशाला आहे ते कळेल.

हेन्री मार्टिन हे नाव तू ऐकले असशील. केंब्रिजला १८०१ साली गणितात पहिला आलेला हा तरुण ईस्ट इंडिया कंपनीचा धर्मगुरू म्हणून १८०६ साली कलकत्त्यास उतरला आणि पुढे पाटण्याजवळच्या दानापूरला व नंतर कानपूरला राहिला. कंपनीने त्यास नेमले होते ते गोऱ्या सैनिकांसाठी. उरलेला वेळ त्याने मिर्झा फितरत यांच्यासारख्या उर्दू जाणणाऱ्या विद्वानाच्या साह्याने बायबलच्या उत्तरार्धाचे, म्हणजे नव्या कराराचे, भाषांतर करण्यात घातला. तो उर्दू नवा करार १८१४ साली बंगालमधील श्रीरामपूरला छापून झाला, तेव्हा मार्टिन हयात नव्हते. फारसीचे काम आणखी अवघड निघाले. नथानिएल साबात या अरब सहकाऱ्याने केलेली फारसी इतकी अरबीमिश्रित होती की सामान्य वाचकास ती पेलणार नाही असे जाणकारांचे मत पडले. तेव्हा प्रकृती ढासळलेली असतानाही मार्टिन स्वतः इराणला निघाले. कलकत्त्याहून मुंबईपर्यंतच्या त्या जहाजावर पुण्याच्या रेसिडेन्सीकडे निघालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्यांचे सहप्रवासी होते, आणि वाटेत गोव्यालाही थांबणे झाले. शिराझमध्ये मिर्झा सय्यद अली यांच्यासोबत बसून त्यांनी फारसी नवा करार १८१२च्या आरंभी पुरा केला आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला तुर्कस्तानातील तोकात गावी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बाप्तिस्म्यांच्या हिशोबाने पाहिले तर हा माणूस जवळजवळ रिकाम्या हातांनी गेला, आणि तुमच्या मिशन मंडळाच्या वार्षिक अहवालात त्याला फारशी जागा मिळाली नसती.

कानपुरात दर रविवारी मार्टिन यांच्या बंगल्याच्या आवारात शेकडो फकीर आणि भिकारी जमत. ते भिक्षेसाठी येत आणि त्यांना उपदेशही ऐकवला जाई. या प्रथेचे कौतुक मी बरेच वाचले आहे, पण मला ती कधीच रुचली नाही, कारण पोटासाठी आलेल्या माणसाला उठून जाण्याची मोकळीक नसते. त्या गर्दीतून ज्याचे नाव पुढे आले, तो भिक्षेसाठी आलेला नव्हताच. दिल्लीचे शेख सालेह हे फारसी जाणणारे गृहस्थ जवळच्या बागेत मित्रांसोबत बसलेले असताना, हा फिरंगी काय बोलतो याची मौज पाहायला आले होते. नंतर त्यांना साबात यांच्याकडे नकलनविशीचे काम मिळाले आणि पुढे उर्दू नव्या कराराचे हस्तलिखित बांधणीसाठी त्यांच्या हाती आले. त्यांनी ते एकट्याने, आपल्या गतीने, कोणी पाठीशी उभे नसताना वाचले. १८११च्या पेंटेकॉस्ट या सणाच्या दिवशी कलकत्त्यात धर्मगुरू डेव्हिड ब्राउन यांनी त्यांना अब्दुल मसीह या नावाने बाप्तिस्मा दिला, तेव्हा मार्टिन इराणात होते.

आग्र्यातले खरे काम १८१३ पासून या अब्दुल मसीहांनी केले. ते शहरात राहिले, रोग्यांना मोफत औषधे देत राहिले, दारात येणाऱ्या मौलवींशी अदबीने बोलत राहिले. त्यांचा पोशाख, भाषा, बसण्या-उठण्याची रीत काहीच परके नव्हते, त्यामुळे ऐकणाऱ्याला विचार करायला उरत असे तो केवळ संदेश. मिशनच्या मंडळींनी त्यांना १८२० साली लुथेरन पद्धतीने आणि १८२५ साली कलकत्त्याचे बिशप हीबर यांच्याकडून अँग्लिकन पद्धतीने पाळकपदाची दीक्षा दिली. हा दुहेरी उपचार त्यांच्यापेक्षा मिशनच्या गरजेचा असावा, असे मला वाटते. साबात यांची वाट मात्र वेगळी झाली. ते पुन्हा इस्लामकडे वळले आणि ख्रिस्ती विश्वासाविरुद्ध त्यांनी लिहिलेही. ही गोष्ट आपल्या उपदेशांत सहसा येत नाही, पण तुला ती माहीत असावी.

जाहीर सभेच्या कल्पनेविषयी थोडे कठोर लिहितो. एप्रिल १८५४ मध्ये त्याच आग्र्यात जर्मन मिशनरी कार्ल फान्डर यांनी मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्याशी जाहीर वाद केला. फान्डर फारसी उत्तम जाणत होते आणि वर्षानुवर्षे याच विषयावर लिहीत होते. पण मौलानांनी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर वझीर खान यांनी युरोपातल्या बायबल-चिकित्सेचे ग्रंथ मिळवून वाचले होते, आणि शास्त्राच्या हस्तलिखितांत पाठभेद आहेत हे फान्डर यांना भर सभेत मान्य करावे लागले. दोन दिवसांत सभा आटोपली आणि जमलेल्या बहुतेकांच्या लेखी मौलानाच जिंकले. पाठभेदांविषयी आपल्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, जे शिकवतात ते तिथे आधीच स्वच्छपणे सांगता आले असते. वादाच्या आवेशात सांगितल्याने ते कबुलीजबाबासारखे वाटले. तू तर फान्डर यांच्या दशांशानेही तयार नाहीस, म्हणून सभा आराखड्यातून काढून टाक.

आता तुझ्या भागाविषयी. तू रत्नागिरी-रायगडकडे जाण्याचे लिहितोस आणि पत्रके उर्दूत छापणार म्हणतोस. कोकणी मुसलमान घरात जी बोली बोलतात ती मराठीच्या कुळातली आहे. त्यांच्या ओटीवर जो बोलेल त्याने ती ऐकून शिकावी. कुराण निदान भाषांतरातून सबंध वाच, आणि वाचताना दोष शोधू नकोस. दवाखाना किंवा शिकवणी सुरू केलीस तर तिथे येणाऱ्याला प्रार्थनेला बसण्याची अट, सूचक शब्दांतही, नसावी. कायद्याचे भानही ठेव. घटनेचे २५वे कलम धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य देते, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले आहे. तरीही माझे कारण कायद्याचे नाही. आमिषाने आलेला माणूस आपल्या शेजाऱ्यांसमोर मान वर करून उभा राहू शकत नाही आणि ते त्याला आपणच दिलेले दुःख असते.

मंडळाची पुढची बैठक होण्याआधी त्यांना लेखी विचार, की उद्या एखाद्याने बाप्तिस्मा मागितला आणि घरच्यांनी त्याला बाहेर काढले, तर तो कोणाच्या घरी राहील, त्याच्या मुलींची लग्ने कोण जुळवील, आणि तो वारला तर आपल्या दफनभूमीत त्याला जागा देण्यास स्थानिक ख्रिस्ती मंडळी तयार आहे काय. उत्तरांवर तिथल्या पाळकांची आणि पंचांची सही घे आणि मग मला पुन्हा लिही.

तुझा हितचिंतक