डांग ग्वेई: सासूबाईंना अजिबात नको, तुमच्यासाठी मात्र थोडं सविस्तर

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सिंगापूरहून मुलीने पाठवलेल्या डांग ग्वेईच्या, म्हणजे एका चिनी औषधी मुळीच्या, वाळलेल्या चकत्या पाळी जातानाच्या त्रासासाठी घ्याव्यात का, आणि तेच सूप सासूबाईंनाही वाटीभर दिलं तर चालेल का. सासूबाईंची हृदयाची झडप बदललेली आहे आणि त्या रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात, हे तुम्ही अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते.

त्यांना देऊ नका. सूपातून नको, चहातून नको, चवीपुरतंसुद्धा नको. झडप बदललेल्या माणसाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, ठरलेल्या पट्ट्यात ठेवण्यासाठी डॉक्टर गोळीचा डोस अर्ध्या-पाव गोळीने वरखाली करत असतात. डांग ग्वेईने तो आकडा पट्ट्याबाहेर जाऊ शकतो. १९९९ साली अमेरिकेतल्या एका ४६ वर्षांच्या बाईंची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली होती. वॉरफरिन या रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर त्यांचं सगळं व्यवस्थित चाललेलं. मग त्यांनी ५६५ मिलिग्रॅमची डांग ग्वेईची गोळी दिवसातून एक-दोनदा सुरू केली आणि चार आठवड्यांत आयएनआर दुपटीच्या वर गेला. गोळी बंद केल्यावर तो पूर्वपदावर यायलाही महिनाभर लागला. आपल्याकडे वॉरफरिनऐवजी ॲसिट्रॉम जास्त दिली जाते, पण तीही त्याच जातीची, त्यामुळे इशारा तोच. आधीच दिलं असेल तर घाबरून जाऊ नका, पण त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा आणि आयएनआर तपासून घ्या. हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर काळेनिळे डाग पडणं किंवा शौचाला काळं होणं, यातलं काहीही दिसलं तर तपासणीची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

हे औषध ज्यांचं आहे, तेही याला निरुपद्रवी मानत नाहीत. चिनी वैद्यकात डांग ग्वेई रक्त भरून काढणारं आणि रक्त खेळतं करणारं मानतात. म्हणूनच अंगावरून जास्त जात असेल तर आणि गरोदरपणात तिथले वैद्य ते जपून देतात. पोट सैल असणाऱ्यांनाही नको म्हणतात, कारण त्याने शौचाला पातळ होतं.

आता तुमच्याबद्दल. पाळी जातानाच्या गरम वाफांवर याचा गुण येतो का, हे १९९७ साली कॅलिफोर्नियात नीट तपासलं गेलं. ७१ बायका, २४ आठवडे, निम्म्यांना डांग ग्वेई आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. यावर चिनी वैद्यांचा आक्षेप असा, की ही मुळी आम्ही एकटी देतच नाही. तो आक्षेप मला रास्त वाटतो. त्यांच्या नेहमीच्या ‘चार द्रव्यांच्या काढ्या’त डांग ग्वेईबरोबर आणखी तीन वनस्पती असतात. १२४७ सालच्या एका प्रसिद्ध पाठात, म्हणजे औषधाच्या कृतीत, तर डांग ग्वेईच्या पाचपट हुआंगची, म्हणजे ॲस्ट्रागॅलसचं मूळ, घालतात. पण तुमच्या हातात एकच मुळी आहे, आणि तेवढीच उकळून वाफा थांबतील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरचा इतिहास असेल, कुठलं ऑपरेशन ठरलेलं असेल किंवा तुम्ही स्वतः ॲस्पिरिन घेत असाल, तर हे पाकीट उघडूच नका.

यातलं काहीच नसेल, तर स्वयंपाकातली गोष्ट म्हणून ते जरूर वापरा. मी फार्मसिस्ट आहे, काही वर्षं सिंगापूरला होते, आणि तिथे ही मुळी मला औषधाच्या बाटलीपेक्षा सूपाच्या भांड्यातच जास्त दिसली. बाळंतिणीला आपण डिंक-अळीव देतो, तसं तिथे कोंबडीच्या सूपात डांग ग्वेई पडतं. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या, हान राजवटीच्या काळातल्या चांग चोंगचिंग या वैद्याचा पाठ तर सरळ मटणाच्या रश्श्याचा आहे: डांग ग्वेई, भरपूर आलं आणि मटण, बाळंतपणानंतर पोटात दुखत असेल तर. चिनी औषधकोशात दिवसाचं प्रमाण ६ ते १२ ग्रॅम दिलंय, ते वैद्याच्या देखरेखीखालचं. घरच्या चार माणसांच्या सूपाला दोन-तीन चकत्या पुष्कळ झाल्या. जास्त घातल्या तर सूप कडवट होतं.

मुळी खरी आहे का, तेही बघून घ्या. ही कोथिंबीर-ओव्याच्या कुळातली वनस्पती, अँजेलिका सायनेन्सिस. सगळ्यात नावाजलेला माल येतो चीनच्या कान्सू प्रांतातल्या मिन परगण्यातून, दोन हजार मीटरच्या वरच्या थंड शेतांतून. पहिल्या वर्षीची रोपं उपटून हिवाळाभर जपून ठेवतात आणि वसंतात पुन्हा लावतात. मधेच झाडाला फुलोरा आला तर मूळ लाकडासारखं होतं आणि तो माल वाया जातो. खणलेली मुळं उन्हात टाकत नाहीत. जरा सुकू देऊन जुड्या बांधतात, माचावर ठेवतात आणि खाली जाळ न करता नुसत्या धुराने हळूहळू वाळवतात. एवढी खटपट असते ती आतलं सुगंधी तेल टिकावं म्हणून.

त्यामुळे चकती हातात घेऊन वाकवून बघा. चांगली चकती लवचीक असते, कडकन मोडत नाही. रंग पिवळसर पांढरा, कडेच्या आत एक तपकिरी कडं आणि गरावर तेलाचे बारीक तपकिरी ठिपके. वास सेलरी आणि ओव्याच्या मधला, जोरकस, जिभेवर आधी गोड आणि मग तिखट-कडू. पांढरीफटक चकती असेल आणि नाकाला आंबट झोंबत असेल, तर गंधकाची धुरी दिलेली आहे, ती टाकून द्या. लव्हेज नावाच्या युरोपी वनस्पतीचं मूळही याच नावाने खपवतात. कोरिया आणि जपानमध्ये याच नावाने जे मिळतं, त्या अँजेलिकाच्याच पण वेगळ्या जाती आहेत. म्हणून पाकिटावर लॅटिन नाव छापलंय का, ते मुलीला बघायला सांगा.

आणखी एक, रोज घेणार असाल तर कडक उन्हात हिंडताना अंग झाका. या कुळातल्या काही द्रव्यांनी कातडी उन्हाला हळवी होते आणि चट्टे उठतात.

पावसाळ्यात चकत्या बाहेर ठेवू नका. तेलकट असल्याने त्यांना बुरशी आणि कीड लवकर लागते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आणि बरणीवर ‘आजींना नाही’ असं ठळक लिहा, कारण स्वयंपाकघरात हात फक्त तुमचाच नसतो.